दगड, ठिपके, बाहुल्या : रोप्पोंगीच्या त्या प्रदर्शनाबद्दल सह्यभटक्या यांना उत्तर

रातराणी

परवा सह्यभटक्या यांनी टोकियोतल्या दिवसांवर लिहिलं आणि त्यात तिथल्या रोप्पोंगी भागातल्या मोरी आर्ट म्युझियममधल्या 'स्टार्स' प्रदर्शनाची चार ओळींत वासलात लावली. त्यांचे शब्द असे : "त्रेपन्नाव्या मजल्यावर जाऊन पाहिलं काय, तर दगड, ठिपके आणि बाहुल्या. आमच्याकडे एलिमेंटरीला बसलेलं पोरगं याहून बरं काढतं. जपानचे म्हणून सहा तारे मांडलेत, त्यातला एक तर कोरियन." खाली सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितेय.

ऑलिंपिकचा मुहूर्त धरून हे प्रदर्शन २०२० च्या एप्रिलमध्ये उघडायचं होतं. करोनामुळे ते ३१ जुलैला उघडलं आणि ३ जानेवारी २०२१ पर्यंत चाललं. यायोई कुसामा, ली उफान, तात्सुओ मियाजिमा, ताकाशी मुराकामी, योशितोमो नारा आणि हिरोशी सुगिमोतो असे सहा जण. सह्यभटक्यांचे दगड लीचे, ठिपके कुसामाचे, बाहुल्या म्हणजे नाराच्या चित्रांतल्या मुली. मी दोनदा गेले. एकदा एकटी, एकदा लेकीला घेऊन.

आधी त्या 'कोरियन'चं. ली उफान १९३६ साली कोरियात जन्मला, तेव्हा तिथे जपानचंच राज्य होतं. विसाव्या वर्षी तो जपानात आला, इथे तत्त्वज्ञान शिकला. १९६८ मध्ये कोबेच्या एका बागेत नोबुओ सेकिने या शिल्पकाराने २.७ मीटर खोल आणि २.२ मीटर रुंद गोल खड्डा खणला आणि निघालेल्या मातीचा तेवढाच दंडगोल शेजारी उभा केला. या खड्ड्यात नेमकं काय घडलंय हे ज्याने लिहून मांडलं तो हा ली. मोनो-हा नावाने आपण जी जपानी कलाचळवळ ओळखतो तिचा वैचारिक कणाच तो आहे. मोनो-हामधून ली वजा करा आणि खाली काय उरतं ते मला सांगा. गावावर जपानचं राज्य होतं तेव्हा कुणी त्याला 'तू कुठला' म्हणून विचारलं नाही. आता तो भिंतीवर आला की आपण जन्मदाखला मागायचा?

आता 'पोरगंही काढेल'. नाओशिमा बेटावर लीचं स्वतंत्र संग्रहालय आहे, तादाओ आंदोने बांधलेलं. तिथे त्याच्या सत्तरच्या दशकातल्या रेषांसमोर मी किती वेळ उभी होते ते मलाच आठवत नाही. निळ्या रंगात कुंचला बुडवायचा, वरच्या कडेला टेकवायचा आणि खाली ओढत न्यायचा. वर रंग इतका दाट की त्याचे कण बोटाला लागतील असं वाटतं. मध्यावर तो विरळ होतो. तळाशी नुसते केसांचे ओरखडे उरतात, आणि मग तेही नाहीत. शेजारी दुसरी रेषा, पुन्हा भरलेला कुंचला. एकही रेष खोडलेली नाही, एकीवरही परत हात फिरवलेला नाही. एका रेषेत मध्येच अगदी बारीक जाडी वाढली होती. तिथे त्या माणसाने श्वास घेतला असणार.

बाहुल्यांचं म्हणाल तर नारा आओमोरीतल्या हिरोसाकीचा. आईवडील दोघेही कामावर, पोरगं शाळेतून येऊन रिकाम्या घरात एकटं. त्याच्या मुली तुमच्याकडे अशा रागाने का बघतात, ते त्या घरात शिरल्याशिवाय कळत नाही.

आवडलं नाही म्हणा, तक्रार नाही. पण बघितलंच नाही आणि निकाल दिला, हे मला सहन होत नाही.

सह्यभटक्या

रातराणीताई, मी बघितलं नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? चांगले दोन तास होतो आत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने पाठवलं आणि पुढे विमानंच बंद झाली. ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या एकाने वेळेचं आरक्षण करून दिलं म्हणून गेलो.

लीचं तुम्ही सांगता ते खरं असेल. पण मग पाटीवर 'जपानमधून जगाकडे' असं कशाला? देशाचं नाव तुम्हीच लावायचं आणि मी देश विचारला की मी कोता? आणि तुमची ती श्वासाची गोष्ट. मी दगडासमोर उभा राहिलो, मला दगड दिसला. ज्याला समजावून सांगायला एवढा मोठा लेख लागतो, ते चित्र स्वतः काय करतं?

एक सांगतो. मुंबईत पदवीला असताना एका गॅलरीत शिरलो होतो. पावसाळा, पायात रबरी चप्पल. दारावरच्या माणसाने आधी चपलेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "काय काम आहे?" चित्रं बघायला आलोय असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून या जगाबद्दल मनात जे बसलंय ते बसलंय.

गिरणगावकर

चप्पल मुद्द्याची आहे. 'तारे' ठरवले कुणी? २०१९ मध्ये हाँगकाँगला नाराचं पाठीमागे सुरी लपवलेल्या मुलीचं चित्र सुमारे अडीच कोटी डॉलरला गेलं. मुराकामी फॅशन कंपनीच्या महागड्या पिशव्यांवर रंगीत नक्षी काढून देतो. बाजाराने आधी यादी केली, संग्रहालयाने तिच्यावर शिक्का मारला.

आपल्याकडेही तेच. चित्रकार गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या बरसातीत एका खोलीत राहिले, २००१ मध्ये गेले. २०१५ मध्ये त्यांचं एक चित्र २९.३ कोटी रुपयांना विकलं गेलं. त्या माणसाला त्यातला एक रुपया मिळाला का? झेनचं वाचन, शांतता, एकांत हे सगळं नंतर कॅटलॉगात छापायला कामी आलं.

रातराणी

गिरणगावकर, भाव चढले म्हणून चित्र खोटं होतं का? गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभं राहून तुम्ही असं म्हणाल असं मला वाटत नाही. आणि मुराकामीने निहोंगा या पारंपरिक चित्रपद्धतीत डॉक्टरेट केली आहे, १९९३ मध्ये. त्याच्या फुलांमागे किती वर्षं घोटलेला हात आहे ते पिशवीवरून कळणार नाही.

सह्यभटक्या, गॅलरीच्या दारात जे झालं ते वाईटच. पण त्याची शिक्षा ली उफानला कशाला?

निळी शाई

सगळे पुरुष आपापल्या जखमा दाखवून झाले असतील तर मूळ गोष्ट बोलूया का? सहांत बाई एक. आणि ती कोण, तर १९२९ सालची कुसामा. १९६६ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनाला ती आमंत्रणाशिवाय गेली, हिरवळीवर दीड हजार आरसेगोळे मांडले आणि दोन-दोन डॉलरला विकायला लागली, तेव्हा तिला थांबवलं गेलं. त्याच व्हेनिसला जपानने तिला अधिकृत पाठवायला १९९३ उजाडलं. म्हणजे बाई चौसष्ट वर्षांची होईस्तोवर थांबा, मग बघू.

आणि यादीत कोण नाही ते बघा. १९५६ मध्ये पेटत्या रंगीत दिव्यांचा पोशाख स्वतःच्या अंगावर चढवणारी आत्सुको तानाका नाही. शिगेको कुबोता नाही. चिहारू शिओता नाही. या शिओताचं प्रदर्शन याच मोरीमध्ये २०१९ ला झालं आणि साडेसहा लाखांहून जास्त लोक आले. लाल धाग्यांची ती दालनं बघायला रांगा लागल्या होत्या. वर्षभरात विसर पडला?

रातराणी

निकष आंतरराष्ट्रीय मान्यतेचा होता, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांचं काम देशाबाहेर अनेक वर्षं…

निळी शाई

शिओता २०१५ ला व्हेनिसमध्ये जपानची एकटी प्रतिनिधी होती. आणखी कुठली मान्यता आणायची?

रातराणी

हे मला खोडता येत नाही. मान्य. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा हे मोजलं नाही, याचं मला आज वाईट वाटतंय. पुढच्या वर्षी याच संग्रहालयाने जगभरातल्या सोळा ज्येष्ठ स्त्री कलाकारांचं प्रदर्शन भरवलं, एवढं मात्र नोंदवते.

निळी शाई

म्हणजे बायकांची वेगळी पंगत. मुख्य पंगतीत पाट मांडायचा नाही आणि मागून वाढायचं. ते सोळा जणींचं प्रदर्शन फार चांगलं होतं, म्हणून तर जास्त राग येतो.

चित्रकला शिक्षक, सातारा

मी सहसा लिहीत नाही, नुसता वाचतो. पण एलिमेंटरीचं नाव असं तुच्छतेने घेतलेलं पाहून राहवलं नाही. एकतीस वर्षं खेड्यातल्या शाळेत चित्रकला शिकवली. एका शाळेला एक चित्रकला शिक्षक, वर्गात साठ पोरं. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला जायचा. अशा परिस्थितीत आम्ही पोरांना वस्तुचित्राला बसवायचो.

तांब्या समोर ठेवला की पोरगं त्याचं तोंड पूर्ण गोल काढतं, कारण त्याला माहीत असतं की तोंड गोल आहे. त्याला सांगावं लागतं, बाळा, माहीत आहे ते काढू नको, दिसतंय ते काढ. मग एक दिवस त्याला ती लंबगोल कड दिसते. ज्या दिवशी दिसते त्या दिवशी त्याचा चेहरा बघावा. हे काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रातराणीताईंनीच लिहिलंय की मुराकामीने आधी पारंपरिक चित्रकला घोटली. पाया आम्हीच घालतो.

निळी शाई

सर, मान ठेवून बोलते. मी सातवीत स्मरणचित्रात आभाळ पिवळं रंगवलं होतं. आमच्याकडे उसाचा पाला पेटवतात तेव्हा संध्याकाळी आभाळ तसंच होतं, धुरातून पिवळं. सरांनी कागद वर्गाला दाखवला, म्हणाले, "हिच्या घरी आभाळ पिवळं असतं," आणि मधोमध फाडला. मी त्यानंतर ब्रश धरला नाही. दिसतंय ते काढ म्हणता ना? मी दिसलेलंच काढलं होतं.

मुठाकाठ

अगदी. आमच्या वेळी स्मरणचित्राचे विषय घोकून घेतलेले असायचे : बसथांबा, भाजीबाजार, रंगपंचमी. तीन माणसं पुढे मोठी, दोन मागे लहान, कोपऱ्यात झाड. माझ्या बहिणीने भाजीबाजारात फक्त तराजू आणि बाईचे हात काढले. आमची आजी मंडईत बसायची, बहिणीने तेच आयुष्यभर पाहिलेलं. 'क' श्रेणी. रचना अपूर्ण म्हणे.

चित्रकला शिक्षक, सातारा

कागद फाडणारा शिक्षक चुकलाच. पण एका फाडलेल्या कागदावरून आम्हा सगळ्यांना फाडू नका. श्रेणी ठरवणाऱ्यापुढे गठ्ठे असतात. तराजू आणि हात काढणारी तुमची बहीण हजारात एक. बाकी नऊशे नव्व्याण्णवांना माणूस उभा काढता यायला हवा की नको?

आमच्या वाड्या-वस्त्यांवर रंगपेटी परवडत नसे. माझ्या पगारातून पोस्टर कलरच्या बाटल्या आणून मी त्या वर्गात वाटून वापरायला दिल्या आहेत. तेव्हा कुणी कौतुकाचा लेख लिहिला नाही. आज मात्र जो तो येऊन सांगतो, शाळेने माझ्यातला कलाकार मारला. तुम्ही सगळे एवढे नाजूक होता का?

निळी शाई

हो सर, होतो. बारा वर्षांची मुलं नाजूकच असतात.

मुठाकाठ

"नाजूक होता का" हा प्रश्नच सांगतो की कागद का फाटले.

गिरणगावकर

मुठाकाठ, शब्द जपून. सरांनी स्वतःच्या खिशातून रंग आणलेत. माझ्या पालिकेच्या शाळेत चित्रकलेचे सर नव्हतेच. कागद फाडायलाही कुणी नव्हतं. मला पहिल्यांदा रंग मिळाले ते गणपतीच्या कारखान्यात, हातात पॉलिश पेपर देऊन बसवलं तेव्हा. डोळ्यांची आखणी करणारे तिथले काका शाळेत गेलेले नव्हते. त्यांच्या एका फटकाऱ्यात पापणी व्हायची, आणि त्यांनीही कधी परत हात फिरवला नाही. रातराणी, तुमच्या लीची रेष वाचताना मला ते काका आठवले. याला मी प्रदर्शनाची बाजू घेणं म्हणत नाही. बाजाराबद्दल जे बोललो ते कायम आहे.

शून्यवादी

तुम्ही सगळे भरकटलात. मियाजिमाबद्दल कुणीच बोलत नाही. त्याचे एलईडीचे आकडे १ ते ९ मोजतात, शून्य दाखवतच नाहीत. शून्य जगाला आपण दिलं आणि या माणसाने नेमकं तेच काढून टाकलं. यावर कुणाला काही वाटत नाही?

रातराणी

शून्यवादी, त्याने ते काढून टाकलेलं नाही. आकडा नऊवर पोचला, किंवा उलटा मोजत एकवर आला, की दिवा विझतो. तो अंधार म्हणजे शून्य. जपानीत त्याला 'कू' म्हणतात, बौद्ध ग्रंथांतल्या शून्यतेचा तो शब्द. आपल्याकडून गेलेलीच गोष्ट त्याने आकड्याऐवजी काळोखात ठेवली आहे. मग दिवा परत लागतो आणि मोजणी पुन्हा सुरू.

'स्टार्स'मध्ये त्याचं 'सी ऑफ टाइम, तोहोकू' होतं. काळोखी दालन, उथळ पाणी, त्यात शेकडो निळे-हिरवे आकडे. २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीतल्या गेलेल्यांसाठी. प्रत्येक दिव्याचा वेग वेगवेगळ्या माणसाने ठरवलेला, त्यात भूकंपाचा तडाखा बसलेल्या तोहोकू भागातले लोकही. लेकीने एक दिवा धरला आणि बोटांवर मोजायला लागली. तो इतका संथ होता की सातवर असताना तिचा धीर सुटला. ती म्हणाली, "आई, याला कुणीतरी मुद्दाम हळू ठेवलंय." मी नंतर तिला सांगितलं की कुणाला तरी आपलं माणूस लवकर विझू द्यायचं नसेल.

याच मियाजिमाचे आकडे रोप्पोंगीच्या रस्त्यालगत एका मोठ्या काचेच्या भिंतीत २००३ पासून होते. भूकंपानंतर दोन दिवसांनी, १३ मार्चला, त्याने ते बंद केले. मी २०१२ ला टोकियोत आले तेव्हा ती भिंत अंधारीच होती. मला बरेच दिवस वाटायचं, बिघडली असेल.

सह्यभटक्या

हे लिहायचं नव्हतं. पण तुम्ही सारखं म्हणताय की मी बघितलं नाही.

माझे वडील सप्टेंबर २०२० मध्ये गेले, सांगलीत, करोनाने. मी जाऊ शकलो नाही. शेवटचे चार दिवस धाकटा भाऊ एका वॉर्डबॉयच्या फोनवरून मला व्हिडिओ लावून द्यायचा. वडिलांचा चेहरा मास्कमध्ये, नीट दिसायचा नाही. दिसायचा तो मागचा मॉनिटर. ऑक्सिजनचा आकडा. ८८, ८६, परत ८९. मी वडिलांकडे बघतच नव्हतो, त्या हिरव्या आकड्याकडे बघत होतो.

सहा आठवड्यांनी मी त्या काळोख्या खोलीत गेलो आणि समोर पाण्यात हिरवे आकडे. विझतात, परत लागतात. मला तिथे उभं राहवेना. बाहेर पडलो आणि पुढची दालनं रागारागात पार केली. नारा, सुगिमोतो, काही आठवत नाही. दोन तास आत होतो म्हणालो, त्यातला पाऊण तास बाकावर बसून होतो.

दगड, ठिपके, बाहुल्या हे मी लिहिलं. आकडे लिहिले नाहीत, ते तुमच्या लक्षात आलं नाही.

रातराणी

नाही आलं. चुकले. बघितलं नाही हे माझे शब्द मी मागे घेते, आणि मनापासून माफी मागते, दादा.

शून्यवादी

माझा मुद्दा मीही मागे घेतो. वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं.

सह्यभटक्या

माफीचं काही नाही. आणि मी सगळं मागे घेतलंय असंही समजू नका. कुसामाची ती गुलाबी होडी मला आजही किळसवाणी वाटते. आणि पाटीवर देशाचं नाव लावलं की देश विचारला जाणारच, हेही माझं कायम आहे. मियाजिमाचं मात्र मी परत बघेन, कधी जमलं तर.

निळी शाई

गुलाबी नाव किळसवाणी वाटायलाच केलेली आहे, सह्यभटक्या. तिच्यावर जे शिवून लावलंय ते नीट बघा, पुरुषाच्या लिंगाचे आकार आहेत ते. ज्या गोष्टीची तिला लहानपणापासून भीती होती, तीच तिने शेकड्याने शिवली, कापूस भरला आणि नाव त्याने भरून टाकली.

चित्रकला शिक्षक, सातारा

चार दिवसांनी लिहितोय. निवृत्त झालो तरी शनिवारी गावातल्या पोरांना घरी बोलावतो. परवा ती लीची रेष त्यांच्याकडून काढून घेतली. कार्डशीट, निळा पोस्टर कलर, आठ नंबरचा ब्रश. सांगितलं, एकदाच बुडवायचा, एकदाच ओढायचा, परत हात नाही. अकरा पोरं होती. पहिल्या रेषेला सगळी हसली. चौथ्या-पाचव्या रेषेला घरात आवाज नव्हता. एकाची रेष कागद संपून फरशीवर गेली आणि तो थांबला नाही. मी थांबवलं नाही. पूर्वी थांबवलं असतं, हे लिहितो.

निळी शाई, तुमच्या पिवळ्या आभाळाबद्दल मी चार दिवस विचार केला. ते सर मी नव्हे. पण तसे कागद मीही बाजूला ठेवलेले असतील.

एक अडचण आली. पोस्टर कलर खालपर्यंत एकसारखा जातो, तुम्ही म्हणता तसा विरत नाही. मध्येच तुटतो. ब्रश बदलू की रंग?

रातराणी

सर, दोन्ही. ली दगडाची बारीक पूड सरसात कालवतो, म्हणून वर कण साचतात आणि खाली ओरखडे उरतात. सुतारकामाचा सरस मिळाला तर तो कोमट पाण्यात पातळ करा आणि त्यात पूड रंग घाला. ब्रश रुंद आणि चपटा हवा, केस लांब. बाटलीतला रंग नको.

गिरणगावकर

गेरूने बघा सर. आमचे काका खळ आणि गेरू वापरायचे.

सह्यभटक्या

सर, त्या फरशीवर गेलेल्या रेषेचा फोटो असेल तर टाका.